एकच धक्का, एकच पाऊस. मग गरीब देशांतच माणसं जास्त का मरतात?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

जून तोंडावर आला की सांगलीत एकच प्रश्न सुरू होतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपल्यासारखेच नदीकाठ जगात सगळीकडे आहेत, पण सगळीकडे माणसं सारखी मरत नाहीत.

जागतिक हवामान संघटनेनं १९७० ते २०१९ या पन्नास वर्षांतल्या वादळ, पूर, दुष्काळ, उष्णतेच्या लाटा यांचा हिशेब मांडलाय. मेलेल्यांपैकी ९१ टक्क्यांहून जास्त माणसं विकसनशील देशांतली. पैशात मोजलेलं सर्वांत मोठं नुकसान मात्र अमेरिकेचं.

"गरिबीमुळे" एवढं म्हणून हा विषय सोडला जातो, ते मला पटत नाही. गरिबी स्वतः कुणाच्या अंगावर पडत नाही, भिंत पडते. त्या भिंतीत काय नव्हतं, इशारा कुठं अडकला, होडी का कमी पडली, पैसे किती दिवसांनी आले, असं एकेक सुटं करून बघायचंय. ज्यांना बांधकाम, पाणी, डोंगर, दुष्काळ यातलं कळतं त्यांनी मापांसकट लिहा. हळहळीचे प्रतिसाद टाळा ही विनंती.

---

गवंडीकाम (पाटण)

भूकंपापासून सुरू करतो, कारण त्यात हिशेब सर्वांत स्वच्छ दिसतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारी. तीव्रता ६.२, मृत्यू दहा हजारांच्या घरात. पुढं साडेतीन महिन्यांनी १७ जानेवारी १९९४, पहाटे ४.३१, कॅलिफोर्नियात नॉर्थरिज. तीव्रता ६.७, मृत्यू साठच्या आसपास. दोन्ही वेळा माणसं गाढ झोपेत, घरातच. नॉर्थरिजचा धक्का मोठा, वस्तीही दाट. फरक घराच्या भिंतीत आणि छपरात होता.

किल्लारीच्या बाजूची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. बघणाऱ्याला वाटतं किल्ला आहे. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती असतात, आतली एक आणि बाहेरची एक, आणि मधल्या पोकळीत दगडाच्या कपऱ्या नि माती भरलेली. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. धक्का बसला की मधली माती खाली दबते, बाजूंना रेटा देते, बाहेरचं अंग बाहेर आणि आतलं अंग झोपलेल्या माणसावर. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छप्पर. गळती लागली की वर आणखी माती टाकायची, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड-पावणेदोन फूट माती म्हणजे साडेसात टन वजन होतं. ते लाकडी खांबांवर उभं, भिंतीशी त्याचा सांधा नाही.

लोक असं का बांधतात? दगड शिवारातला, माती नदीची, श्रम घरचे. रोख पैसा लागत नाही. सिमेंट आणि सळईला रोख लागतो. माळवद उन्हाळ्यात थंड राहतं, ती सोयही खरी आहे. बांधणाऱ्यांना मूर्ख ठरवू नका.

आता उपाय. आयएस १३८२८ हे कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीच लिहिलेलं मानक आहे. त्यातलं मोजकं:

भिंतीची जाडी ४५० मिमीपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा जास्त नको. दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटांवर एक आरपार दगड. एवढा लांब दगड मिळाला नाही तर त्याच मापाचा काँक्रीटचा ठोकळा ओतून टाकायचा, आत एक सळई. लाकूड टाकू नका, कुजतं. कोपऱ्यावर लांब दगड आळीपाळीनं दोन्ही भिंतींत घालायचे. आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या घराला फिरणारा एक सलग काँक्रीटचा पट्टा.

पट्ट्याचा खर्च सांगतो, कारण "परवडत नाही" इथंच गाडी अडते. वीस बाय पंधरा फुटांचं घर, मध्ये एक आडवी भिंत, म्हणजे ८५ फूट, साधारण २६ मीटर लांबी. भिंत १५ इंची, पट्टा तीन इंच जाड. १० मिमीच्या दोन सळया सलग, लॅपसह सुमारे ३५ किलो. ६ मिमीच्या आडव्या कड्या दर सहा इंचांवर, सुमारे १७ किलो. काँक्रीट पाऊण घनमीटर, म्हणजे सहा पोती सिमेंट. मजुरी, वाळू, खडी धरून आजच्या भावानं दहा-बारा हजारांत बसतं. घरातला टीव्ही याहून महाग असतो. पण हे पैसे बांधकाम चालू असतानाच लागतात आणि भिंत उभी राहिली की दिसत नाहीत. दिसत नाही ते आधी कापलं जातं.

चूक कुठं होते: कोपऱ्यात. दोन्ही भिंतींच्या सळया कोपऱ्यात येऊन नुसत्या एकमेकींवर ठेवतात. सळई वाकवून दुसऱ्या भिंतीत कमीत कमी दीड-दोन फूट न्यायलाच पाहिजे. कोपरा सुटला तर पट्टा असून नसल्यासारखा.

---

शंका_आहे (मिरज)

किल्लारी आणि नॉर्थरिजची तुलना ठीक, पण अशा जोड्या सोयीनं निवडता येतात. हैती आणि चिली ही जोडी नेहमी देतात. हैती, १२ जानेवारी २०१०, तीव्रता ७.०, मृत्यूचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्या वर. चिली, २७ फेब्रुवारी २०१०, तीव्रता ८.८, मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. पण हैतीत केंद्र राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर आणि उथळ. चिलीत ते समुद्राखाली. मग सगळं खापर गरिबीवर कसं फोडणार?

---

गवंडीकाम (पाटण)

रास्त प्रश्न. अंतराचा फरक आहेच, तो वजा करायलाच हवा. तरी ८.८ म्हणजे ७.० च्या सुमारे पाचशे पट ऊर्जा, आणि चिलीत मोठ्या शहरांनाही जोराचा हादरा बसला होता. तिथं १९६० ला ९.५ चा भूकंप झाला, जगात मोजलेला सर्वांत मोठा. त्यानंतर त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळले. हैतीत देशभर लागू असलेली बांधकाम संहिताच नव्हती. तिथं घरं मातीची नव्हती, काँक्रीटचीच होती, आणि हा भाग आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचावा. मातीचं घर सोडून स्लॅबचं बांधलं की सुरक्षित झालो, हा समज हैतीत ढिगाऱ्याखाली गेला. पोकळ ठोकळे, कमी सिमेंट, बारीक खांब, वर जड स्लॅब.

आपल्याकडं खेडोपाडी स्लॅब पडतात तिथं चार गोष्टी बघा. खांबाची रिंग ९० अंशात वाकवून सोडलेली असते. ती १३५ अंशात आत वळवून गाभ्यात रुतवायची, नाहीतर हादऱ्यात उघडते आणि उभ्या सळया फुगून बाहेर येतात. खांब-तुळईच्या सांध्याजवळ रिंगा चार इंचांच्या आत पाहिजेत, तिथं सहा-आठ इंच ठेवतात. काँक्रीट घमेल्यातून सरकत नाही म्हणून पाणी ओततात. पोत्याला २२ ते २५ लिटरच्या पुढं गेलं की ताकद पडते. आणि पाणी मारणं. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा, आणि हल्ली बाजारात जवळपास सगळं पीपीसीच मिळतं. दुष्काळी पट्ट्यात प्यायलाच टँकर, तिथं स्लॅबला दहा दिवस पाणी कोण मारणार? ओलं पोतं अंथरून वर प्लास्टिकचा कागद टाकला तर निम्म्याहून कमी पाण्यात भागतं.

कोयना-पाटणवाल्यांनी लक्षात ठेवा, आपला पट्टा २०१६ च्या भूकंपाच्या नकाशात झोन चारमध्ये आहे, सांगली तीनमध्ये (आकडा मोठा तसा धोका जास्त). ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्काही पहाटे ४.२१ चाच होता.

---

आकडेमोड (कराड)

कायदा कागदावर असून भागत नाही याचा पुरावा तुर्कस्तान. ६ फेब्रुवारी २०२३, तीव्रता ७.८, एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांवर मृत्यू. देश काही दरिद्री नाही, संहिताही चांगली आहे. पण २०१८ ला बेकायदा बांधकामांना पैसे भरून माफी देण्याची योजना आणली होती. आपल्याकडं गुंठेवारी नियमित करताना फी भरून घेतात तेव्हा पाया, सळई, सांधा कुणी बघतं का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

---

माणगंगा (आटपाडी)

भूकंप नि पुराच्या बातम्या होतात, दुष्काळ मुकाट मारतो. त्यावर आमच्या भागाला सांगण्यासारखं आहे, आणि ते "गरीब म्हणजे मरणारच" या समजाला छेद देतं.

१९७२-७३ ला महाराष्ट्रात पावसानं सलग दगा दिला. त्याच काळात इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळानं हजारोंनी माणसं मेली, आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही भूकबळी गेले. महाराष्ट्रही तेव्हा गरीबच होता. इथं लोक उपाशी राहिले, गुरं गेली, पण तशी सामूहिक भूकमरी झाली नाही. कारण खडी फोडायची, तलाव खोदायची, बांध घालायची कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसं कामावर होती.

या कल्पनेचं बीज आपल्याच जिल्ह्यातलं. विसापूरचे वि. स. पागे, तेव्हा विधान परिषदेचे सभापती. १९६५ ला तासगाव तालुक्यात त्यांनी प्रयोग करून बघितला: मागेल त्याला काम. पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा. त्याला पैसा कुठून? पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ ला आला तो यासाठीच.

हे का चाललं, त्यातली यंत्रणा समजून घ्या. दुष्काळात गावात धान्य संपण्याच्या आधी लोकांचे पैसे संपतात. पेरणी नाही म्हणजे खुरपणी नाही, काढणी नाही, मजुरी नाही. मग शेळी विकतात, मग बैल. सगळेच विकायला निघाले की बैलाचा भाव पडतो आणि ज्वारीचा चढतो. एका बैलात पूर्वी सहा महिन्यांची ज्वारी यायची ती दोन महिन्यांची येते. आणि एकदा बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस येऊनही पेरणी होत नाही. म्हणून काम बैल विकण्याच्या आधी निघालं पाहिजे आणि मजुरी आठवड्याला हातात पडली पाहिजे. दोन महिन्यांनी खात्यावर आलेली मजुरी त्या बैलाला वाचवत नाही. इथिओपियानं २००५ ला अशीच कामाची योजना कायमची सुरू केली.

अवांतर: दुष्काळातल्या चारा छावणीचं नियोजन करणाऱ्यांनी मोठ्या जनावरामागं दिवसाला १५ ते २० किलो ओला चारा आणि ४० ते ५० लिटर पाणी धरावं. उन्हाळ्यात दुभत्याला आणखी. दोनशे जनावरांची छावणी म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर रोज, आणि तो सकाळी आला पाहिजे. 

---

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

माणगंगा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. बांगलादेशही याच माळेतला. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. १९९१ ला सुमारे एक लाख ३८ हजार. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. २०२० च्या अम्फानमध्ये काही डझन. देश या काळात श्रीमंत झाला नव्हता, १९९१ ते २००७ मध्ये तर नाहीच. बदललं ते असं: रेड क्रेसेंटबरोबर १९७० च्या दशकात उभी केलेली स्वयंसेवकांची फळी, आज ती सत्तर हजारांच्या वर आहे. हातात भोंगा, काठीवर झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध, तीन झेंडे म्हणजे आत्ता निघा. शाळेची इमारतच निवाऱ्यासाठी खांबांवर उंच बांधलेली, म्हणजे वर्षभर वापरात आणि चावी कुणाकडं हा घोळ नाही. आणि जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे. त्याला तिथं शब्द काय आहे ठाऊक आहे? किल्ला.

जनावरांची सोय हा जीव वाचवण्यातला फुटकळ भाग समजू नका. पुरात माणूस घर सोडत नाही त्याचं पहिलं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये होते. बाजारात चांगली म्हैस त्याच्या दुप्पट-तिप्पट भावाची. मालक थांबणारच.

उलट बाजूला म्यानमार, २००८ चं नर्गिस. भारतीय हवामान खात्यानं दोन दिवस आधी सावध केलं होतं. इरावतीच्या मुखाकडच्या गावांत ते वेळेत आणि समजेल असं पोचलं नाही, पोचलं तिथं जायला उंच जागा नव्हती. एक लाख ३८ हजार मृत किंवा बेपत्ता. ओडिशातही १९९९ ला दहा हजारांच्या घरात माणसं गेली, आणि २०१३ च्या फायलिनला पन्नासच्या आत, कारण त्या वेळी जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं.

---

शंका_आहे (मिरज)

मग साधा प्रश्न. नदीच्या पात्रात, डोंगराच्या पायथ्याला लोक राहतातच का? इशारा-बिशारा नंतर. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडला ४० फुटांच्या आधीच पाणी येतं हे सगळ्या सांगलीला माहीत आहे.

---

डोंगरकपार (पाटण)

माहीत असूनही राहतात, कारण कोरडा गुंठा त्यांच्या आवाक्याबाहेर असतो. पुराचा प्लॉट स्वस्त असतो आणि कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येतं. त्याच्या हिशेबात पूर आठ-दहा वर्षांनी येतो, रिक्षाचं भाडं रोज द्यावं लागतं.

डोंगराचं सांगतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस मोजला गेला, जवळपास दोन फूट. एका गुंठ्यावर साठ हजार लिटर, दहा हजारी टँकर सहा. त्याच पावसात आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या. त्याआधी २०१४ ला माळीण, दीडशेवर माणसं. गाव नाहीसं झालंय हे बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळं.

तुलना करायची तर हाँगकाँगशी करा. तिथंही उभे डोंगर, धो धो पाऊस, कोंदलेली वस्ती. १९७२ आणि १९७६ ला दरडींनी माणसं गेल्यावर १९७७ ला उतारांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी खातं काढलं. आज सुमारे साठ हजार कृत्रिम उतारांची नोंद आहे, प्रत्येकाला नंबर आणि देखभाल कुणी करायची ते ठरलेलं. एवढा पैसा आपल्याकडं नाही हे मान्य. पण नंबर द्यायला पैसा लागत नाही.

वाडीला स्वतः करता येण्यासारखं:

मे महिन्यात वरच्या उतारावर फिरून भेगा शोधा. जुन्या झाडांचे बुंधे खालच्या अंगाला कलून शेंडा सरळ झालेला दिसला तर ती जमीन हळूहळू सरकतेय. भेग सापडली की दोन्ही बाजूंना एकेक सळईची खुंटी ठोका, टेपनं अंतर मोजा, वहीत तारीख घाला. पावसात रोज मोजायचं. अंतर वाढायला लागलं की वाडीत थांबायचं नाही, निघायचं. भेगेत चिकणमाती ठासून वर प्लास्टिक टाका, आणि भेगेच्या वरच्या बाजूनं चर काढून पाणी ओढ्याकडं वळवा. मुरमानं भेग भरू नका, पाणी उलट आत जातं.

पाऊस मोजायला सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा आणि पट्टी पुरते. तोंड आणि बूड सारखं असलं की डबा कितीही रुंद चालतो, पाण्याची उंची तोच पाऊस. झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून ओता.

झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा ओढा भर पावसात आटला, तर वर कुठंतरी माती अडलीय. दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्या तरी तेच. त्या रात्री घरात झोपायचं नाही.

आणि हा डबा आणखी एका कारणासाठी ठेवा. अतिवृष्टीची मदत महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी पाऊस नोंदला गेला तर लागू होते. मंडळाचं यंत्र खाली बाजारपेठेत आणि वाडी वर घाटमाथ्याला. वर दोनशे पडतो, खाली पन्नास. नोंद असलेली वही जोडून निदान पंचनाम्याची मागणी तरी नीट मांडता येते.

---

पाणीतपासणी (इस्लामपूर)

पाणी ओसरल्यानंतर जे मरतात त्यांची गणती "आपत्ती"त होतच नाही कित्येकदा. हैतीत भूकंपानंतर नऊ-दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० ला कॉलरा आला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचं मैलापाणी नदीत गेलं आणि लोक तीच नदी पीत होते. आठ लाखांवर आजारी, सुमारे दहा हजार मृत्यू. शुद्ध केलेलं पाणी नळाला असतं तर त्या जंतूला वाट नव्हती.

विहिरीचं गणित प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं पाहिजे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. सहा मीटर व्यास, चार मीटर पाणी: एक लाख तेरा हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे ५६५ ग्रॅम.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर आधी उपसा. गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो. उपशानंतर पहिल्या वेळी मात्रा दुप्पट. पावडर थेट विहिरीत भिरकावू नका, चुना बसतो तळाला आणि कामाचं काही मिसळत नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते दोरानं विहिरीत सोडून हिंदकळवायचं. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ती तपासणी. पिवळा रंग आला तर पाणी सोडा, नाही आला तर पुन्हा मात्रा.

बिघडतं ते पावडरीत. पोतं उघडं, दमट खोलीत, मागच्या वर्षीचं. क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलेली पावडर म्हणजे चुना टाकल्यासारखंच. जूनच्या आधी नमुना तपासून घ्या आणि पुराच्या पाण्याला न लागणाऱ्या उंचीवर ठेवा. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण साठा पंचायतीच्या तळमजल्यावर आणि पाणी पहिल्यांदा तिथंच, असं होऊ शकतं. तीच गोष्ट जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांवरच्या लसीची. ती पावसाआधी टोचून झालेली पाहिजे.

---

आकडेमोड (कराड)

पैशाकडं येतो. २०१७ च्या हार्वी वादळात अमेरिकेचं सुमारे १२५ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. ते त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याच वर्षी मारिया वादळानं डोमिनिका या चिमुकल्या बेटाचं नुकसान केलं ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. डॉलरमध्ये अमेरिकेचं मोठं, आयुष्यात डोमिनिकाचं. म्हणूनच वरची "नुकसान अमेरिकेचं जास्त" ही ओळ एकटी वाचू नये. पाकिस्तानात २०२२ च्या पुरानं तीन कोटी तीस लाख लोक बाधित झाले, आणि त्या वेळी तो देश आधीच कर्जाच्या हप्त्यांत बुडालेला होता. शाळा परत बांधायची की हप्ता भरायचा?

पैसा किती यापेक्षा कधी, हा माणगंगांचा मुद्दा देशांनाही लागू आहे. कॅरिबियन बेटांनी २००७ ला मिळून एक विमा निधी काढला. त्यात पंचनामा नाही. वाऱ्याचा वेग, भूकंपाचा धक्का ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पैसे. हैतीला २०१० ला त्यातून पावणेआठ दशलक्ष डॉलर पंधरवड्यात मिळाले. गरजेच्या मानानं थेंब, पण लवकर पडलेला.

आपल्याकडचा हिशेबही मांडतो. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी १७ हजार, दोन हेक्टरची मर्यादा. म्हणजे गुंठ्याला साधारण १७० रुपये. राज्य कधी त्यात भर घालतं, पण मूळ आकडा हा. आणि तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. खंडानं, वाट्यानं करणाऱ्याचं बियाणं-खत वाहून गेलं तरी कागदावर त्याचं काही गेलेलंच नसतं. जगभर हेच आहे: ज्याच्याकडं जमिनीचा, घराचा, ओळखीचा कागद नाही तो मदतीच्या यादीत नाही. किमान एवढं करा, सातबारा, आधार, पासबुक, जनावरांच्या टॅगचे नंबर यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा. घर, गोठा, पीक यांचे फोटोही मेमध्ये काढा, तारखेसकट.

---

शंका_आहे (मिरज)

माझा सूर थोडा बदलतोय हे मान्य करतो. एक व्यवहाराचं विचारतो. आयर्विनला ४५ झाले, ४८ झाले असं रेडिओवर ऐकून माझ्या गल्लीतल्या माणसानं काय समजायचं? फूट पुलाचे, घर दुसरीकडं.

---

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

ते प्रत्येकाला स्वतः काढता येतं. घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ असते, नाहीतर शेजारी तरी असतेच. ती साधारण साडेसत्तावन्न फुटांची धरा. त्या रेघेपासून उंबऱ्यापर्यंत खाली मोजा. समजा साडेसहा फूट भरले, तर आयर्विनला ५१ झाले की उंबऱ्याला पाणी. २०२१ ला पाणी ५५ च्या आसपास होतं. त्याचीही खूण असेल तर ताळा करून बघा. दोन्ही हिशेबांत फूटभर फरक आला तर जो कमी आकडा येईल तो धरा. पुलापासून वर-खाली जसजसं लांब जाल तसा पाण्याचा उतार बदलतो, म्हणून दुसऱ्या गावाचा आकडा उसना घेऊ नका, तिथं स्वतःची रेघ लागते.

मग तीन आकडे विजेच्या खांबावर किंवा गल्लीच्या तोंडाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा: गल्लीचा रस्ता कितीला बंद होतो, सर्वांत खालच्या घराचा उंबरा कितीला भिजतो, आणि जनावरं कितीला हलवायची. रस्त्याचा आकडा उंबऱ्याच्या आधी येतो, आणि माणसं अडकतात ती याच दोन आकड्यांच्या मध्ये. उंबरा कोरडा आहे म्हणून घरात बसतात, तोवर बाहेर पडायची वाट गेलेली असते. जनावरांचा आकडा रस्त्याच्या किमान चार फूट आधीचा ठेवा, कारण ट्रॉली मिळवून, चढवून, उतरवून परत यायला अर्धा दिवस जातो.

हे आकडे चुकले तर शेवटी नावेवर वेळ येते, आणि नाव कमी पडली की ती जास्त भरली जाते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जास्त भरलेली नाव उलटून माणसं गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. नावेच्या कडेवर क्षमता ठळक रंगवा आणि मोजायला एक माणूस काठावर ठेवा, नावेतला मोजत नाही. जॅकेट अपुरी असतील तर झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन माणसाला तरंगत ठेवायला पुरतो, छातीशी दोरीनं बांधलेला असेल तर. मोटारीच्या पंख्यात उसाचा पाला, जलपर्णी, तारा अडकतात. म्हणून वल्ही आणि कोयता नावेत असलेच पाहिजेत.

---

गवंडीकाम (पाटण)

कृष्णाकाठ, रेघ एका घरावर आणि खांब गल्लीच्या तोंडाला असेल तर अंदाजानं लिहू नका. गवंड्याकडची पारदर्शक नळीची लेव्हल घ्या, पाऊण इंची, पन्नास फूट. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तेवढ्यानं दोन-तीन इंचांचा घोळ होतो. पाण्यात थोडी नीळ टाकली की बुडबुडा लगेच दिसतो. एक टोक २०१९ च्या रेघेला, दुसरं खांबाला, पाणी स्थिर झालं की खूण. अंतर पन्नास फुटांहून जास्त असेल तर मधल्या भिंतीवर खूण करून टप्प्याटप्प्यानं जा, आणि शेवटी उलट दिशेनं मोजत पहिल्या रेघेवर या. अर्ध्या इंचाच्या आत आलात तर रंग काढा.